तंजावरची लढाई, लंडनची शाई आणि आजचे हवाई हल्ले

आज आपण तंजावरला जाणार आहोत. मोठ्या देवळात, म्हणजे राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेल्या बृहदीश्वराच्या आवारात. बहुतेक लोक तिथं मान वर करून शिखर बघतात. मराठी माणसानं मात्र थोडं बाजूला, नैऋत्येकडच्या भिंतीशी जावं. तिथं देवनागरीत, मराठीत, भिंतभर कोरलेलं एक लेखन आहे. भोसले घराण्याचा इतिहास. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांच्या आज्ञेवरून त्यांच्या चिटणीस बाबुरायांनी तो लिहिला आणि १८०३ साली, शके १७२५ मध्ये, तो दगडात कोरला गेला.

त्या भिंतीपुढे उभं राहून वाचत असताना कधीकधी डोक्यावरून मोठा आवाज जातो. तंजावरला हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. २०१३ मध्ये तिथं पूर्ण हवाई तळ सुरू झाला, आणि २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी, ‘टायगरशार्क्स’, तिथं दाखल झाली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन समुद्रावर दूरपर्यंत मारा करता यावा, ही त्यामागची योजना.

खाली दगडात कोरलेला इतिहास, वर लढाऊ विमान. आजचा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. उद्या एखाद्या विमानानं कुठं हल्ला केला, तर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात त्याची नोंद कशी असावी? आपल्या बाजूची? दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं? की आणखी काही?

माझी चूक

आधी स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी याच मालिकेच्या एका भागात बालाकोटचा विषय निघाला. २६ फेब्रुवारी २०१९ चा हल्ला. मी बोलण्याच्या भरात तिथं ठार झालेल्यांचा आकडा सांगून टाकला. तीनशे. अगदी ठाम आवाजात.

दुसऱ्या दिवशी एका प्रेक्षकांचा फोन आला. निवृत्त वायुसैनिक. मला वाटलं, कौतुक करायला फोन केला असेल. ते म्हणाले, “साहेब, हा आकडा कुणी दिला?”

मी म्हणालो, “सगळीकडे होता की.”

“सगळीकडे होता, ते मला माहीत आहे. दिला कुणी?”

मी शोधायला बसलो. त्या दिवशी सकाळी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे अधिकृत निवेदन केलं, त्यात ‘जैश-ए-मोहम्मदचे अतिरेकी, प्रशिक्षक आणि कमांडर फार मोठ्या संख्येनं मारले गेले’ अशा अर्थाचं विधान होतं. आकडा नव्हता. तीनशे, साडेतीनशे हे आकडे वाहिन्यांवर ‘सूत्रां’च्या हवाल्यानं आले होते. त्या सूत्राला नाव नव्हतं, आणि माझ्या तोंडी तर ‘सूत्र’ हा शब्दही गळून पडला होता. उरला फक्त आकडा.

त्या गृहस्थांचं देशावरचं प्रेम माझ्यापेक्षा कमी नव्हतं. त्यांनी नोकरीच ती केली होती. पण त्यांना विमानातून दिसतं काय आणि दिसत नाही काय, हे ठाऊक होतं. त्यांचा तो प्रश्न, ‘हे कुणी सांगितलं?’, मी तेव्हापासून खिशात घेऊन फिरतो. तोच घेऊन आता अडीचशे वर्षं मागं जाऊ.

१७७३ : एका शहराचा पाडाव

तेव्हा तंजावरच्या गादीवर तुळजाजीराजे होते. व्यंकोजीराजांच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या वंशातले. राज्य कावेरीच्या मुखाशी, भाताचं कोठार. शेजारी अर्काटचा नवाब मुहम्मद अली. आणि मद्रासला ईस्ट इंडिया कंपनी.

नवाबाचं म्हणणं असं की कर्नाटक प्रांत आपला, तेव्हा तंजावरचा राजा आपला मांडलिक. राजाचं म्हणणं असं की आम्ही खंडणी देतो, पण राज्य आमचं आहे. १७६२ साली कंपनीच्या मध्यस्थीनं तह झाला. राजानं थकबाकीचे २२ लाख आणि दरसाल ४ लाख द्यावेत असं ठरलं. ते हप्ते थकले. इकडे नवाब स्वतः कर्जात बुडालेला. त्याचे सावकार कोण? मद्रासमधले कंपनीचेच नोकर. म्हणजे बघा, नवाबाला तंजावरचा पैसा मिळाला तर तो शेवटी कुणाच्या खिशात जाणार होता!

१७७१ मध्ये कंपनीच्या फौजेनं नवाबासाठी तंजावरला वेढा घातला. तह होऊन वेढा उठला. १७७३ मध्ये पुन्हा फौज आली. राजा हैदरअलीशी आणि पुण्याशी संधान बांधतो आहे, पैसे देत नाही, असे आरोप होते. १७ सप्टेंबर १७७३ रोजी तंजावर पडलं. तुळजाजीराजे कैद झाले आणि राज्य नवाबाकडे गेलं.

लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना हे पसंत पडलं नाही. राजाला पुन्हा गादीवर बसवा, असा हुकूम घेऊन लॉर्ड पिगट मद्रासला आले आणि ११ एप्रिल १७७६ रोजी तुळजाजीराजांना राज्य परत मिळालं. लगेच पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक कनिष्ठ नोकर पुढं आला. नवाबानं आपल्याला तंजावरचा महसूल लावून दिला आहे, शेतात उभ्या असलेल्या पिकावरही आपला हक्क आहे, असा त्याचा दावा. रक्कम सुमारे २ लाख ३४ हजार पौंड! एवढं कर्ज द्यायला एका कनिष्ठ नोकराकडे पैसा आला कुठून, हे विचारायची सोय नव्हती, कारण मद्रासच्या कौन्सिलातल्या अनेकांचे हात त्याच भांड्यात होते. २४ ऑगस्ट १७७६ रोजी कौन्सिलातल्या विरोधकांनी आपल्याच गव्हर्नरला, पिगटला, कैद केलं. मे १७७७ मध्ये तो कैदेतच वारला.

लढाई इथं संपली. आता तिची नोंद कशी झाली ते बघू.

१७७९ : दोन पुस्तकं, दोन पगार

१७७९ साली लंडनमध्ये या प्रकरणावर दोन पुस्तकं निघाली. एक जेम्स मॅकफर्सनचं, कंपनीच्या इतिहासाचं. त्याच्या नावातच सांगितलं होतं की यात नवाबाचे हक्क समजावले आहेत आणि कंपनीचा अन्याय सिद्ध केला आहे. हा मॅकफर्सन म्हणजे तोच, ज्यानं ‘ओसियन’ या प्राचीन कवीच्या कविता सापडल्या म्हणून छापल्या आणि त्या खऱ्या की त्यानंच रचलेल्या, यावर युरोपभर वाद माजला. तंजावरच्या बाबतीत त्याची नेमणूक स्पष्ट होती. तो नवाबाचा लंडनमधला मुखत्यार होता.

दुसरं पुस्तक राजाच्या बाजूचं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. ते विल्यम बर्कनं, एडमंड बर्क या प्रसिद्ध खासदाराच्या मदतीनं लिहिलेलं होतं. आणि विल्यम बर्क कोण? तंजावरच्या राजाचा मुखत्यार!

आता या दुसऱ्या पुस्तकाचं नाव ऐका. मराठीत सांगायचं तर, ‘ब्रिटिश शस्त्रांनी हिंदुस्थानात मुसलमानांसाठी मुलूख जिंकून देण्याच्या धोरणाची चौकशी’. आपण आत्ताच पाहिलं की भांडण कशाचं होतं. खंडणीचं, कर्जाचं, उभ्या पिकाचं. सावकार मद्रासचे गोरे. तोफा कंपनीच्या. पण पुस्तकाच्या नावात सगळा प्रश्न धर्माचा होऊन बसला. का? लंडनच्या वाचकाला बेनफिल्डच्या हिशेबात रस वाटणार नव्हता, धर्माचं नाव घेतलं की तो कान टवकारणार होता.

आपण मराठी माणसं. आपली सहानुभूती तुळजाजीराजांकडे जाते, माझीही जाते. पुढं १७८५ मध्ये एडमंड बर्कनं नवाबाच्या कर्जांवर पार्लमेंटात मोठं भाषण केलं आणि त्या सावकारीचं पितळ उघडं पाडलं. ते काम मोलाचं होतं. पण म्हणून १७७९ चं पुस्तक निःपक्ष होत नाही. आपल्या बाजूचा मुखत्यार हा शेवटी मुखत्यारच. त्यानं एक गोष्ट लपवली, आपलं नाव. आणि दुसरी गोष्ट बदलली, विषय.

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आज युद्धाविषयीचे लेख बिघडतात ते याच दोन वाटांनी. सांगणारा कोण ते दिसत नाही, आणि विषय हळूच बदलला जातो. विकिपीडियावर पानाचा मजकूर दोन गट आलटून पालटून बदलत राहतात, त्याला ‘संपादन युद्ध’ म्हणतात. १७७९ मध्ये लंडनला जे झालं ते छापखान्यातलं संपादन युद्ध होतं. फरक एवढाच, की तेव्हा एक फेरी पुरी व्हायला काही महिने लागत, आता काही मिनिटं लागतात.

दगडावरचा तिसरा इतिहास

आता मोठ्या देवळातल्या भिंतीकडे परत या. हा तिसरा इतिहास. तोही निःपक्ष नाही. राजानं सांगितलं, चिटणीसानं लिहिलं. सरफोजीराजे १७९८ साली कंपनीच्या पाठिंब्यानं गादीवर आले आणि १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजांनी ग्रंथसंग्रह वाढवला, वैद्यक जोपासलं, सरस्वती महालाचं आजचं वैभव त्यांच्यामुळे आहे. पण तलवार त्यांच्या हाती उरली नव्हती. अशा वेळी माणूस आपल्या घराण्याचा इतिहास दगडात कोरून ठेवतो. का कोरतो, ते समजणं अवघड नाही.

त्या भिंतीचा एक गुण मात्र मला फार आवडतो. ती लपवत काही नाही. कुणाच्या आज्ञेनं, कुणी, कधी लिहिलं, हे समजतं. वाचणारा ते ध्यानात ठेवून वाचू शकतो. बर्कच्या निनावी पुस्तकापेक्षा या बाबतीत बाबुराय सरळ.

आणि गंमत बघा. या शिलालेखाबद्दल तंजावरला आणि इंटरनेटवर सर्रास ऐकू येतं की हा ‘जगातला सर्वांत मोठा शिलालेख’. ऐकून छाती फुगते. मग खिशातला प्रश्न काढायचा, ‘कुणी मोजलं?’ लेख फार मोठा आहे, मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते, एवढं म्हणावं आणि थांबावं. एवढ्यानं त्याची उंची इंचभरही कमी होत नाही.

हवाई हल्ल्याची नोंद अवघड का

आता तोफांकडून विमानांकडे येऊ. हवाई हल्ल्याबद्दल लिहिणं हे वेढ्याबद्दल लिहिण्यापेक्षा अवघड आहे. वेढा महिनाभर चालतो, शेकडो लोक बघतात, पत्रं लिहितात. हवाई हल्ला काही मिनिटांचा. तो बहुतेक वेळा रात्री होतो. ज्यानं केला तो हजारो फुटांवरून निघून जातो. ज्याच्यावर झाला त्याच्या ताब्यात जागा असते, तिथं कुणाला जाऊ द्यायचं ते तो ठरवतो. म्हणजे पहिल्या दिवशी आपल्यासमोर असतात ते दोन दावे, आणि दोन्ही दावे करणारे युद्धात उतरलेले.

बालाकोटचंच बघा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात आत्मघाती हल्ला झाला, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. जबाबदारी जैश-ए-मोहम्मदनं घेतली. २६ तारखेला पहाटे भारतीय मिराज-२००० विमानांनी पाकिस्तानात बालाकोटजवळ मारा केला. इथपर्यंत दोन्ही देशांना मान्य. भारतीय विमानं आली, बॉम्ब पडले. यापुढं वाटा फुटतात. भारत म्हणतो, जैशचा तळ उद्ध्वस्त झाला. पाकिस्तान म्हणतो, जंगलात पडले, झाडं मोडली. खासगी कंपन्यांच्या उपग्रहचित्रांत मदरशाच्या इमारती उभ्या दिसल्या. त्यावर भारतीय बाजूनं उत्तर आलं की हे बॉम्ब छत भेदून आत फुटणारे होते, इमारत पाडणारे नव्हते. पाकिस्ताननं परदेशी पत्रकारांना आणि राजदूतांना जागा दाखवली, पण १० एप्रिलला, म्हणजे ४३ दिवसांनी. इतका उशीर का, हा प्रश्न भारतानं विचारला.

मी आत्ता काय केलं ते पाहिलंत? प्रत्येक वाक्याला बोलणारा दिला आणि शक्य तिथं तारीख दिली. तटस्थ लिहिणं म्हणजे ‘दोघंही खोटं बोलतात’ असं खांदे उडवून म्हणणं नव्हे. अर्धं याचं, अर्धं त्याचं, असा वाटाही नव्हे. जे दोघांना मान्य ते सरळ सांगायचं, जे एकाचं म्हणणं आहे ते त्याच्या नावानं सांगायचं, तिसऱ्या कुणी तपासलं असेल तर कशावरून तपासलं ते सांगायचं. पुरावा एका बाजूला झुकत असेल तर तेही सांगायचं. निवाडा वाचकानं करावा.

दुसऱ्या दिवशीचं, २७ फेब्रुवारीचं, उदाहरण आणखी बोलकं आहे. पाकिस्ताननं आधी जाहीर केलं की दोन भारतीय वैमानिक पकडले. संध्याकाळपर्यंत दोनाचा एक झाला. अभिनंदन वर्धमान एकटेच होते. भारतानं सांगितलं की आपल्या मिगनं पाकिस्तानचं एफ-१६ पाडलं. पाकिस्ताननं ते आजवर नाकारलं. एप्रिलमध्ये एका अमेरिकी नियतकालिकानं तिथल्या अधिकाऱ्यांच्या हवाल्यानं लिहिलं की पाकिस्तानची एफ-१६ विमानं मोजली तर पुरी भरतात. त्यानंतर भारतीय हवाई दलानं रडारची चित्रं दाखवून आपलं म्हणणं कायम ठेवलं. हे सगळं ज्ञानकोशात असायला हवं, आणि नेमक्या याच क्रमानं. यातलं फक्त एक वाक्य ठेवून बाकी पुसलं, तर ते कुणीही पुसलं तरी चूकच.

“आपल्या जवानांच्या बाबतीत तटस्थ कसले राहता?”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रागानं नाही, मायेनं विचारला जातो. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घराला ‘दावा’ हा शब्द टोचतो. मी समजू शकतो. म्हणून त्याच २७ फेब्रुवारीची एक गोष्ट सांगतो.

त्या सकाळी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. सुरुवातीच्या बातम्यांत तांत्रिक बिघाडाचं नाव होतं. पुढं चौकशी झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी स्वतः सांगितलं की हेलिकॉप्टरला आपलंच क्षेपणास्त्र लागलं, आणि ती मोठी चूक होती.

आता विचार करा. पहिल्या दिवशी कुणी भक्तिभावानं ज्ञानकोशात ‘तांत्रिक बिघाडानं कोसळलं’ असं पक्कं लिहिलं असतं, आणि सात महिने कुणी शंका घेतली की ‘देशद्रोही’ म्हणून पुसत बसला असता, तर त्यानं कुणाची सेवा केली असती? त्या सहा वायुसैनिकांची नाही. त्यांच्या घरच्यांना खरं कारण कळण्याचा हक्क होता, आणि ती चूक पुन्हा होऊ नये यासाठी ती चूक म्हणून नोंदली जाणं गरजेचं होतं. ‘प्राथमिक वृत्तानुसार’ हा कोरडा वाटणारा शब्दप्रयोग त्या घरांसाठी दार उघडं ठेवतो. खुद्द हवाई दलानं चौकशी केली, मान्य केलं. मग आपण नोंद करणाऱ्यांनी त्यांच्याहून जास्त हट्टी का असावं?

नावात काय आहे? बरंच काही

आता जरा आपल्या गोव्याकडे वळू, कारण तिथं आपली बाजू आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती ‘बाजू’ आहे हेच विसरायला होतं. १८ डिसेंबर १९६१. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हंटर विमानांनी मारा केला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. आपण म्हणतो गोवामुक्ती. पोर्तुगालमध्ये त्याच घटनेला आक्रमण म्हणतात.

माझ्या भाषणात मी मुक्तीच म्हणेन, आणि मनापासून म्हणेन. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता गेली. ज्ञानकोशात मात्र लेखाचं नाव काहीही असो, पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं हवीत आणि कोण काय म्हणतं ते हवं. लिस्बनमधल्या कुणी ते वाचलं तर त्याला वाटलं पाहिजे की माझं म्हणणं इथं नीट मांडलंय, मला ते पटवून घ्यायचं की नाही ते मी बघेन. धावपट्टी फोडली पण विमानतळाची इमारत वाचवली, ही बारीक गोष्टही तिथं हवी, कारण हल्ल्याचा हेतू काय होता ते तिच्यावरून कळतं. विशेषणं लावून ते कळत नाही.

आणखी एक. गोव्याच्या त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन विजय’. १९९९ च्या कारगिल मोहिमेचंही नाव ‘ऑपरेशन विजय’, तिच्यातल्या हवाई कारवाईचं ‘सफेद सागर’. नुसतं ‘विजय’ लिहून पुढं गेलात तर गोव्याचा वाचक द्रासला पोचेल. नोंद करणाऱ्याला असल्या कंटाळवाण्या कामांची सवय लागते, आणि ती चांगली सवय आहे.

कुंपण घालायला शिकणं

बर्कनं विषय बदलला होता, आठवतं ना? आज तेच अगदी निरागसपणे होतं. हवाई हल्ल्याचा लेख सुरू होतो तो तारीख, ठिकाण, विमानं, शस्त्रं यांवर. आठवडाभरात त्यात १९४७ पासूनचा काश्मीर प्रश्न येतो. मग निवडणुका येतात. मग कोणता नट काय म्हणाला, कोणत्या क्रिकेटपटूनं काय लिहिलं. महिन्याभरानं लेख चौपट होतो आणि मूळ हल्ल्याची माहिती शोधावी लागते. यातली प्रत्येक ओळ खरी असेल, संदर्भासहितही असेल. तरी ती इथली नाही. काश्मीर प्रश्नाचा स्वतंत्र लेख आहे, निवडणुकीचा आहे. तिकडे एक दुवा द्यावा आणि पुढं व्हावं.

कसोटी सोपी आहे. ही ओळ काढली तर वाचकाला हा हल्ला समजायला काही कमी पडेल का? पुलवामाची ओळ काढली तर पडेल. ती राहू द्या. नटाची ओळ काढली तर पडणार नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही स्वतः मोठ्या देवळापासून सुरुवात करून सुखोईपर्यंत कसे आलात? बरोबर. हे भाषण आहे, भाषणात फिरायला परवानगी असते. ज्ञानकोशात बृहदीश्वराच्या लेखात मी सुखोई घुसवला तर तो काढून टाका, मी तक्रार करणार नाही.

आपल्या भाषेचं म्हणून

हे सगळं मराठी वाचकाला सांगायचं कारण आहे. आपल्याला ज्ञानकोशाची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून विश्वकोश उभा केला, १९७६ पासून त्याचे खंड येऊ लागले. त्या नोंदी तपासायला जाणकारांची फळी होती, आणि खंड छापून यायला वर्षं लागत. तेवढ्यात पहिल्या दिवसाचा धुरळा आपोआप बसे.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथं धुरळा बसायला वेळच नाही. हल्ला पहाटे होतो, लेख सकाळी तयार असतो. इंग्रजी लेखावर शेकडो डोळे असतात, चुकलं तर कुणीतरी तासाभरात धरतं. मराठीत डोळे कमी. इथं कुणी एकानं इंग्रजी बातमीवरून घाईनं चार ओळी टाकल्या, त्यातला ‘दावा’ गाळला, तर ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. आणि बेळगावातली, इंदुरातली, बडोद्यातली, तंजावरातली मराठी मुलं शाळेच्या प्रकल्पासाठी तीच उतरवून घेतात. त्या अर्थानं आपल्या भाषेत एकेका माणसाची जबाबदारी मोठी आहे.

म्हणून एक छोटं काम सांगतो. पुढच्या वेळी एखाद्या हल्ल्याचा लेख उघडाल तेव्हा मजकूर वाचून थांबू नका. वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ अशा कळा असतात, त्या दाबा. कुणी, कधी, काय बदललं, कशावरून भांडण झालं, सगळं तिथं तारीखवार असतं. १७७९ च्या वाचकाकडे ही सोय नव्हती, निनावी पुस्तकामागचा मुखत्यार त्याला दिसत नव्हता. तुम्हाला निदान बदलांचा माग दिसतो. एखाद्या आकड्यापुढं संदर्भ नसेल तर तसं चर्चा पानावर सभ्यपणे लिहा. आपल्या बाजूचा आकडा असेल तर आधी लिहा.

मी तो बालाकोटचा भाग नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केला. ‘तीनशे’ काढलं आणि त्या जागी ‘सरकारनं संख्या सांगितली नाही’ असं म्हटलं. वाक्य पूर्वीइतकं दणदणीत राहिलं नाही. त्या निवृत्त वायुसैनिकांना दुवा पाठवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं, “बरोबर.”

तंजावरला गेलात तर त्या भिंतीशी थोडा वेळ नक्की उभे राहा. बाबुरायांचं मराठी जरा जुन्या वळणाचं आहे, सावकाश वाचावं लागतं. वरून विमान गेलं तर जाऊ द्या, आणि पुन्हा ओळ शोधून वाचायला लागा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.